निबंधातील विसावा आणि कुरुळीचा गुरुवार

मराठी लघुनिबंधाची चर्चा आजवर बहुतांशी त्याच्या तंत्राच्या अंगाने झाली. आरंभ किती सहज असावा, निबंधकाराच्या ‘मी’ला किती मोकळीक असावी, विनोद आणि चिंतन यांचे प्रमाण कसे राखावे, शेवट कोठे व्हावा, या प्रश्नांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशी जी क्रिया आहे तिच्याकडे टीकेचे लक्ष क्वचितच गेले. लघुनिबंध म्हणजे रोजच्या व्यवहारातून क्षणभर बाजूला होणे, रस्त्यावरची, घरातली, बाजारातली एखादी क्षुल्लक गोष्ट पाहून थांबणे आणि तिच्याविषयी विचार करणे होय. हे थांबणे स्वाभाविक आहे, ते कोणासही कधीही साधते, असे गृहीत धरूनच सारे विवेचन चालते. वस्तुतः थांबणे ही सामाजिक घटना आहे. कोणाला थांबता येते, आठवड्याच्या कोणत्या वारी, कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या सोबतीने, यावर त्या थांबण्यातून काय दिसते हे अवलंबून असते.

ना. सी. फडके यांनी ‘गुजगोष्टी’ लिहिल्या तेव्हा मराठी गद्याला एक नवी मोकळीक लाभली, हे निर्विवाद आहे. शिवराम महादेव परांजपे यांच्या वक्रोक्तिपूर्ण निबंधांत किंवा त्यापूर्वी लोकहितवादींच्या शतपत्रांत समाजाविषयीचे चिंतन होतेच. पण ते व्यासपीठावरून केलेले चिंतन होते. फडक्यांनी ते बैठकीच्या खोलीत आणले. वि. स. खांडेकरांच्या ‘वायुलहरी’त त्याला ध्येयवादाची झालर लागली, अनंत काणेकरांच्या ‘पिकली पाने’ या 1934 च्या संग्रहात त्याला खट्याळ आणि पुरोगामी वळण मिळाले. तिघांच्या वृत्ती भिन्न. परंतु तिघांचाही निबंधकार ज्या ठिकाणी उभा असतो ती जागा मात्र फारशी बदलत नाही. त्याच्यापाशी खिडकी असते, खुर्ची असते आणि रिकामी सकाळ असते. ही सकाळ कोठून आली याची विचारपूस निबंध करीत नाही. पुढे विंदा करंदीकरांनी ‘स्पर्शाची पालवी’ (1958) या संग्रहात निबंधाची संवेदना अधिक शरीरनिष्ठ केली, दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्रा’त (1956) निरीक्षणाला निसर्गाच्या दीर्घ लयीशी जोडले, प्रकार समृद्ध झाला, पण सवडीचा प्रश्न होता तेथेच राहिला.

या रिकाम्या सकाळीला मराठी समाजात एक इतिहास आहे आणि तो वाङ्मयाच्या इतिहासात सहसा येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याच्या सुटीला ठरलेला वार नव्हता त्या काळी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणीकामगारांची संघटना उभारली आणि सर्व कामगारांना रविवारी सुटी मिळावी ही मागणी पुढे केली. ‘दीनबंधु’चे संपादक आणि महात्मा फुले यांचे सहकारी असलेल्या लोखंडे यांच्या प्रयत्नांना 1890 मध्ये यश आले. मराठी मध्यमवर्गीय निबंधकाराने रविवारच्या निवांतपणाचे जे कौतुक पुढे केले, त्या वाराच्या पाठीशी साच्यांवर उभ्या राहणाऱ्या माणसांची चळवळ होती. विसावा हा आधी हक्क म्हणून मागावा लागला. रसविषय तो नंतर झाला. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे लघुनिबंधाच्या आत्मनिष्ठेबद्दल जे वाद झाले ते काहीसे एकांगी वाटू लागतात. निबंधात ‘मी’ किती असावा, यापेक्षा ‘मी’ला बसावयास कोणी जागा करून दिली, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

हा प्रश्न आज तपासून पाहावयाचा तर पुण्याच्या साहित्यवर्तुळापासून फार दूर जाण्याचे कारण नाही. पुणे-नाशिक मार्गाने मोशी सोडून इंद्रायणीचा पूल ओलांडला की खेड तालुका लागतो. चिंबळी फाट्याच्या पुढे, चाकणच्या अलीकडे, कुरुळी हे गाव आहे. ज्ञानेश्वरांची आळंदी याच तालुक्यात, येथून काही मैलांवर. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 साली स्थापन झाला, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि तेव्हापासून कारखानदारी भोसरी-चिंचवडकडून उत्तरेस सरकत गेली. चाकणला फोक्सवागेनचा मोटार कारखाना 2009 मध्ये सुरू झाला तोपर्यंत या सरकण्याचे रूपांतर लोंढ्यात झाले होते. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे लहान-मध्यम कारखाने कुरुळी, चिंबळी, निघोजे, महाळुंगे या गावांच्या शेतजमिनीत उभे राहिले.

त्या कारखान्यांच्या पाट्या वाचण्याजोग्या आहेत. इंग्रजी नावाच्या खाली पत्ता येतो तो ‘गट क्रमांक अमुक, चिंबळी फाटा, कुरुळी, तालुका खेड’ असा. गट हा शब्द 1947 च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यामुळे रूढ झाला; शेतकऱ्याच्या विखुरलेल्या तुकड्यांची एकत्र बांधणी करून त्यांना दिलेला तो क्रमांक. शेती सुटी सुटी होऊ नये म्हणून योजलेला शब्द आता मोटारींच्या सुट्या भागांच्या पावत्यांवर छापला जातो. एखाद्या लघुनिबंधकाराने येथे थांबावे आणि दोन पाने लिहावीत, असा हा विषय आहे. परंतु फाट्यावर उतरणाऱ्यांपैकी थांबण्याची सवड कोणाला आहे? पहिली पाळी सुटण्याच्या आणि दुसरी भरण्याच्या वेळी कंपन्यांच्या गाड्या येतात, माणसे उतरतात, चढतात. आठवड्याला पाळी बदलते, म्हणून झोपेची वेळ बदलते, जेवणाची बदलते, खोलीतील सोबतीही बदलतो. ‘रोजचे जीवन’ या शब्दप्रयोगात रोज तेच घडते असे अभिप्रेत असते. फिरत्या पाळीच्या माणसाला तेवढीही स्थिरता नाही.

आणि येथे रविवार नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची आठवड्याची सुटी गुरुवारी असते. विजेवरचा ताण वाटला जावा म्हणून औद्योगिक विभागांचे सुटीचे वार वेगवेगळे ठेवण्याच्या पद्धतीतून हा गुरुवार आला. 1948 च्या कारखाने अधिनियमाने सुटीचा वार मूलतः रविवार कल्पिला होता, अदलाबदलीची मुभाही ठेवली होती. त्या मुभेतून एका संपूर्ण पट्ट्याचे पंचांग उर्वरित महाराष्ट्राच्या पंचांगापासून वेगळे झाले. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, नाट्यगृहांचे प्रयोग, व्याख्याने, पुस्तक प्रकाशने, साहित्यिकांच्या मेळाव्यांची मुख्य सत्रे ही सारी रविवार धरून चालतात. रविवारच्या पुरवणीत रोजच्या जीवनावर, चित्रपटांवर, समाजाच्या बदलत्या चालीरीतींवर जे सदर येते, ते ज्या सकाळी वाचले जावे अशी अपेक्षा असते त्या सकाळी हा वाचक यंत्रापुढे असतो. एका वाराच्या फरकाने वाचक हरवतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वाचक अन्य कारणांनीही हरवतो. पण चिंतनाची वेळ आणि श्रमिकाची मोकळी वेळ यांची भेट होऊ नये अशी व्यवस्था कोणी मुद्दाम न करताही होऊन बसली आहे, आणि वाङ्मयाच्या समाजशास्त्रात तिची नोंद व्हावयास हवी.

येथवरचे विवेचन मराठी निबंधाला दोष देणारे वाटेल. तसे ते नाही, कारण याच परंपरेत या प्रश्नाला सामोरा गेलेला एक निबंध आहे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’ (1949) या संग्रहात आहे. 1962 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ या नियतकालिकात आला आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी तो आपलासा केला. परिणामी तो ललित निबंध आहे हे मराठीचे अभ्यासक जवळजवळ विसरले. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरीच्या वाटेने चालतानाचे हे लेखन. येथे निबंधकर्ती खिडकीशी नाही. ती दिंडीत आहे, तिचेही पाय इतरांबरोबर दुखत आहेत. महत्त्वाची गोष्ट अशी की येथील विसावा तिच्या इच्छेने होत नाही. दिंडी थांबते तेव्हा ती थांबते, मुक्काम पडतो तेव्हा बसते. लघुनिबंधाच्या इतिहासात थांबण्याचा अधिकार निबंधकाराच्या हातून असा समूहाच्या हाती गेल्याचे दुसरे ठळक उदाहरण नाही.

आणि या सामूहिक विसाव्यातच तिला खटकणारी गोष्ट दिसते. एकाच दिंडीत चालणाऱ्या, एकच अभंग गाणाऱ्या ब्राह्मण व मराठा स्त्रियांची जेवणे मात्र वेगळी होतात. इरावतीबाई दोन्हींकडे जेवतात. मराठा स्त्रियांबरोबर जेवण झाल्यावर त्यांच्या वागण्यात जो मोकळेपणा येतो, त्या हात धरून चालू लागतात, आपली सुखदुःखे सांगू लागतात, त्याचे वर्णन निबंधाचा गाभा आहे. महाराष्ट्राची व्याख्या त्यांना पंढरीच्या वाटेवर सापडते, हे त्या निबंधातील वाक्य पुन्हा पुन्हा उद्धृत होते. जेवणाचा प्रसंग तितका होत नाही. हे टीकेचे औदासीन्य बोलके आहे. व्याख्या सुखावते, पंगतीचा प्रश्न अंगावर येतो. ज्या लेखिकेने महाराष्ट्राची एवढी आपुलकीची व्याख्या केली तिनेच त्या महाराष्ट्राला चालता चालता पडलेली फटही त्याच पानांत मांडली, आणि स्वतःला तीतून वगळले नाही, यात त्या निबंधाचे मोठेपण आहे. दैनंदिन जीवनाचे चिंतन करणाऱ्याने चिंतनाचा विषय झालेल्या माणसांच्या पंक्तीला बसावे, ही कसोटी या निबंधाने घालून दिली.

ती कसोटी कुरुळीच्या पट्ट्याला लावावयाची तर येथे लोक केव्हा थांबतात हे आधी पाहिले पाहिजे. ते गुरुवारी थांबतातच असे नाही. गुरुवार कपडे धुण्यात, किराणा आणण्यात, गावी फोन करण्यात आणि झोपेत जातो, शिवाय जादा काम मिळाले तर तोही जातो. खरा थांबा गावाच्या यात्रेत, हरिनाम सप्ताहात आणि बैलगाड्यांच्या घाटात पडतो. या तिन्हींना सुशिक्षित वर्ग ‘करमणूक’ किंवा ‘श्रद्धा’ अशा दोन खणांत टाकून मोकळा होतो. त्यात चिंतन असू शकेल ही शक्यताच विचारात घेतली जात नाही.

तमाशाचे उदाहरण घ्यावे. याच पुणे-नाशिक मार्गावर पुढे जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. तेथे यात्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन तमाशाची सुपारी ठरवितात. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमात समीक्षकांनी लावणीचे सौंदर्य आणि वगाचे नाट्य यांची चिकित्सा केली. बतावणीला मात्र पाचकळ विनोदाचा तुकडा समजून सोडून दिले. परंतु रोजच्या जीवनाकडे थांबून पाहण्याचे काम तमाशात बतावणीच करते. सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार भाव, लग्ने, नोकऱ्या, पुढारी, नवी यंत्रे, सासू-सुना यांवर बोलतात, आणि ज्या गावी खेळ असेल त्या गावचे संदर्भ आयत्या वेळी त्यात घेतात. लघुनिबंध एकट्याचे चिंतन आहे, बतावणी दोघांचे. एकाने गंभीरपणे काही मांडावे आणि दुसऱ्याने शब्द धरून त्याची फजिती करावी, या रीतीत निबंधकाराच्या ‘मी’ला जी शिक्षा कधी होत नाही ती हमखास होते. एकनाथांच्या भारुडांपासून ही युक्ती मराठीत आहे. जोगी, गारुडी, विंचू चावलेला माणूस असे रस्त्यावरचे विषय घ्यायचे, लोकांना हसवायचे आणि हसता हसता त्यांना स्वतःकडे पाहावयास लावायचे. भारुडाला वाङ्मयात स्थान मिळाले. बतावणीला मिळाले नाही, कारण ती छापली गेली नाही.

बैलगाड्याचा घाट हा याहून अवघड विषय आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागांत चढावर आखलेल्या धावेवर बैल सुटतात, पुढे घोडी धावते आणि ध्वनिक्षेपकावरून निवेदक गाड्याच्या मालकाचे, गावाचे, बैलांचे नाव पुकारतो. भंडारा उधळला जातो. बारी किती सेकंदांत झाली ते सेकंदाच्या अंशापर्यंत जाहीर होते आणि दिवसाच्या शेवटी घाटाचा राजा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या मे महिन्यात या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याने केलेली कायद्यातील दुरुस्ती वैध ठरविली. या सबंध काळात जी चर्चा झाली ती प्राण्यांची क्रूरता विरुद्ध संस्कृतीचे रक्षण अशा दोन पक्षांत झाली. प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न खरा होता आणि अटी आल्या त्या योग्यच झाल्या. तथापि ज्या प्रदेशात जमीन सर्वांत वेगाने शेतीतून गेली त्या प्रदेशातच बैलाचा मान एवढा का वाढला, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी विचारला नाही.

त्याचे उत्तर कदाचित सेकंदात आहे. कुरुळीच्या कारखान्यात एक नग यंत्रातून निघण्यास लागणारा काळ, ज्याला कामगार ‘सायकल टाइम’ म्हणतात, तोही सेकंदांतच मोजला जातो. तो दोन सेकंदांनी कमी झाला तर पाळीच्या शेवटी नग वाढतात. परंतु ते दोन सेकंद कोणाच्या नावावर जमा होत नाहीत. घाटात मात्र सेकंदाला मालक आहे, गाव आहे, बैलाचे नाव आहे आणि ते नाव हजारो माणसांच्या समोर उच्चारले जाते. कारखान्याने आणलेले मापन गावाने उचलले आणि त्याला नाव जोडले, असे या खेळाचे एक वाचन होऊ शकते. बैल आता नांगराला क्वचितच जुंपला जातो. तो नाव लावण्यासाठी पोसला जातो. यास केवळ परंपरा म्हणणे भाबडेपणाचे आहे आणि नवश्रीमंतांचा षोक म्हणून झटकून टाकणे आळशीपणाचे. रोजच्या कामातून जे हिरावले गेले त्याविषयी एका समूहाने बोलून न दाखविलेला विचार येथे कृतीतून मांडला जातो, आणि समीक्षेचे काम तो वाचण्याचे आहे.

मात्र लोकसंस्कृतीचे गोडवे गाण्याची जी प्रथा विद्यापीठांतून पडली आहे तिला येथेच आवर घालणे अवश्य आहे. घाटात नाव पुकारले जाते ते गट क्रमांकाच्या मूळ मालकाचे. फाट्याजवळच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारा माणूस बीड-लातूरकडून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशातून आलेला असतो. त्याची नोकरी बहुधा कंत्राटी. त्याचे गाव, त्याचे दैवत, त्याच्या यात्रेची तिथी दुसरीकडे. गावाच्या थांब्यात तो प्रेक्षक म्हणून उभा राहू शकतो, परंतु तो थांबा त्याचा नव्हे. रविवारच्या पुरवणीने त्याला वगळले ते नकळत. यात्रेने वगळले ते रीतीनुसार. बतावणीत परगावच्या माणसाची बोली हशा पिकविण्याच्या कामी येते, हेही विसरता येणार नाही. म्हणजे निबंधातील खिडकी आणि गावातील घाट यांत वाटते तेवढे अंतर नाही. दोन्ही ठिकाणी थांबण्याचा अधिकार जागेच्या मालकीशी बांधलेला आहे.

मुंबईच्या गिरणगावात हे वेगळे घडले होते. तेथेही माणसे बाहेरून, कोकणातून आणि घाटावरून आलेली होती. परंतु खानावळी, भजनी मंडळे, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी, शाहिरांची कलापथके यांतून त्यांनी आपले थांबे स्वतः उभारले. अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांचे लेखन त्या थांब्यांतून आले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने त्यांचा अस्तही नोंदविला. चाकण-पिंपरीच्या पट्ट्याला त्या तोडीचे वाङ्मय अद्याप लाभलेले नाही. प्रतिभेच्या अभावाने हे घडले असे मानण्यास आधार नाही. एका गिरणीत हयात काढणाऱ्या कामगाराला चाळ मिळाली होती, शेजार मिळाला होता. काही महिन्यांच्या कराराने येणाऱ्याला खोली मिळते आणि सोबती पाळीप्रमाणे बदलतो. दोघेजण एकत्र जागे असतील तेव्हाच बतावणी सुरू होते.

या पट्ट्यातील एक प्रसंग तरी इरावतीबाईंच्या निबंधाच्या प्रकाशात पाहण्यासारखा आहे. हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते. कीर्तनकार अभंगाचा एक चरण घेऊन थांबतो, त्यावर निरूपण करतो, निरूपणात मोबाईल, दारू, जमिनीचे पैसे, भावाभावांचे वाद हे सर्व येते. मराठीतील सर्वांत जुने आणि सर्वांत जास्त माणसांनी ऐकलेले दैनंदिन जीवनाचे चिंतन हेच. नंतर महाप्रसाद होतो. त्या पंगतीला खोल्यांतील भाडेकरूही बसतात, त्यांना कोणी जात विचारीत नाही. 1949 च्या निबंधातील वेगळ्या जेवणांशी ताडून पाहता हा फरक लहान नव्हे. सप्ताहाची वर्गणी अनेकदा त्यांच्याकडूनही घेतली जाते आणि तिची पावती त्यांच्या नावाने फाडली जाते. फाट्यावर लागणाऱ्या अन्नदात्यांच्या फलकावर मात्र ती नावे सहसा नसतात. तेथे आडनावे गावचीच असतात.